एक कान मोकळा

राहनाळ,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाविकदादा,

जहाजावर इंटरनेट मोजूनमापून मिळतं आणि बंदराला लागल्याशिवाय तू काही उघडत नाहीस, म्हणून व्हॉट्सअॅपवर तुकडे न टाकता एकच लांब ईमेल लिहितेय. निवांत वाच. उत्तर मात्र निवांत देऊ नकोस.

मला हेडफोन घ्यायचा आहे. तू त्या क्रूझवर शेकडो गोऱ्यांच्या नाचगाण्याचा आवाज सांभाळतोस, तेव्हा मावसबहिणीला एक हेडफोन निवडून देणं तुला जड नाही. अडचण एवढीच की एकच घेणं जमेल. त्याच एकाने गिटार रेकॉर्ड करता यायला हवी, आणि दापोड्याच्या गोदामातली ड्युटी संपवून आल्यावर पाय वर करून गाणीही ऐकता यायला हवीत. गिटार म्हणजे तुझीच, पलंगाखाली ठेवून गेलेली. ती आता माझी झालीय. आयत्या बिळावर नागोबा म्हण हवं तर.

आता खरं कारण. आईने मला बजावलंय की भाविकला कळता कामा नये, तो तिकडून काय करणार, नुसता झुरत बसेल. मी तोंडाने हो म्हटलं नाही, फक्त मान हलवली, म्हणून सांगते. आईच्या गळ्यात थायरॉईडची गाठ आहे. तपासण्या झाल्या, गाठ साधी आहे, घाबरू नकोस. पण ती वाढतेय, घास अडकतो, म्हणून डिसेंबरात ऑपरेशन करायचं ठरलंय. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस तिथूनच जाते. बोलायला अडचण येऊ नये, पण वरच्या पट्टीचा आवाज पहिल्यासारखा राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. आई त्यांना म्हणाली, "मी काय रेडिओवर गाते?" आणि मग रिक्षात घरी येईपर्यंत पदर गळ्याशी धरून बसली.

तुला तर माहीत आहे. राहनाळपासून कशेळीपर्यंत कोणाच्याही घरी हळद असो, धवल्याची गाणी गायला आईच लागते, जानकीबाईच. आणि इतक्या वर्षांत तिचा आवाज कोणी नीट धरून ठेवलेला नाही. परवा आपल्या मनालीताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. आईचे ओठ हलतायत आणि वर डीजे वाजतोय. सगळ्या लग्नांत हेच झालंय.

तर मला ऑपरेशनच्या आधी आईचा एक धवला रेकॉर्ड करायचा आहे. खाली गिटारचा नुसता एक हलका सूर, वर ती. डीजे नाही. गिटार तिला हेडफोनमधून ऐकू जाईल आणि माईकमध्ये फक्त तिचा गळा येईल, असं मी यूट्यूबवर पाहून ठरवलंय. बरोबर आहे ना?

तुझी,
दिपाली


बार्सिलोना बंदर,
१८ ऑक्टोबर

दिपू,

पत्र वाचलं आणि डेकवर जाऊन उगाच उभा राहिलो. मग परत येऊन पुन्हा वाचलं. सांगितलंस ते फार बरं केलंस.

लगेच मावशीला फोन लावला. आवाज जरा बसल्यासारखा का वाटतो विचारलं, तर म्हणाली, चकल्या तळल्या, तेलाचा धूर घशात गेला. मी म्हटलं, मग कोमट पाणी पी. तिने मला फसवलं, मी तिला. दोघांनीही चांगलं काम केलं.

आता हेडफोन. दोन जाती असतात. एकाची पाठ बंद, एकाची उघडी. उघड्या पाठीच्यात जाळी असते, आवाज बाहेरही जातो. गाणी ऐकायला तो फार सुंदर, खोलीत वाजतंय असं वाटतं. पण त्यातली गिटार बाहेर गळते आणि समोरचा माईक ती उचलतो. मग मावशीचा गळा वेगळा राहत नाही. म्हणून रेकॉर्डिंगला बंद पाठीचाच लागतो. त्यात गाणी थोडी कोंडल्यासारखी वाटतील, पण सवय होते. एकच घ्यायचा तर बंद पाठीचा, वायरवाला. ब्लूटूथ मुळीच नको. तू तार आत्ता छेडशील आणि ऐकू येईल ती चहा पिऊन झाल्यावर.

दुकानदार धडधड बेसवाला पुढे करेल, त्याच्यावर जाऊ नकोस. त्यात मावशीचा धवलाही डीजेच वाटेल. तुझ्या ओळखीचं एखादं गाणं फोनमध्ये घेऊन जा आणि तेच सगळ्यांत ऐक. ओळखीच्या माणसाचा आवाज बदलला की आपल्याला लगेच कळतं, तसंच हे. आणि डोक्यावर बराच वेळ घालून बघ. मावशीचा अंबाडा मध्ये येतो, हे दुकानदाराला ठाऊक नसतं.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. मावशीला माझ्यातर्फे काही सांगू नकोस, मला काही माहीतच नाही.

भाविक


राहनाळ,
२७ ऑक्टोबर

भाविकदादा,

ओरडणार नसशील तरच पुढे वाच.

मी उघड्या पाठीचा घेतला.

ठाण्याला दुकानात गेले. तू सांगितलेला बंद पाठीचा घातला, बरा वाटला. मग दुकानातला म्हणाला, मॅडम, हाही ऐकून बघा. मी घातला आणि माझं ओळखीचं गाणं लागलं, आणि दादा, गाणारी बाई माझ्यासमोर पाटावर येऊन बसली रे. श्वास घेतलेला ऐकू आला. मला वाटलं, आईला असंच ऐकायचं. डोळ्यांत पाणी आलं, दुकानातल्याने ते पाहिलं, आणि त्याला समजलं की गिऱ्हाईक पटलं.

घरी आले, पाय वर केले, घातला. आपली भिंत आणि शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच, हे मी ठाण्याच्या थंडगार दुकानात साफ विसरले होते. समोर पाटावर बाई बसली होती खरी, पण तिच्या दोन्हीकडे लूम चालू होते. खटाक खटाक. उघड्या पाठीतून जसा आवाज बाहेर जातो तसाच आतही येतो, हे लिहायचं तुझं राहिलं. वर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रडकं गाना लावलंस गो?" म्हणजे गळतीही झाली.

आता काय करू? आई विचारते, कानाला लावायचं एवढं खोकं आणलं ते कशाला. मी सांगितलं, गाणी ऐकायला. ती म्हणाली, मग ऐक की, रडतेस कशाला.

दिपाली


मार्सेय,
२ नोव्हेंबर

दिपू,

ओरडत नाही, हसतोय. जेवणाच्या टेबलावर एकटाच हसतोय म्हणून लोक बघतायत.

उघड्या पाठीचा हेडफोन भिवंडीत. अगं, तो ज्यांच्या खिडकीबाहेर नुसती झाडं असतात अशा माणसांसाठी केलेला असतो. तुझा कान चुकलेला नाही, कान चांगला आहे. घर चुकलं. तो परत कर आणि बदलून बंद पाठीचा आण. नाही घेतला तर मला कळव, मी त्या दुकानदाराला इथून मराठीत पत्र लिहितो.

आणि दुसरं. हेडफोन बंद पाठीचा असला तरी माईकला पाठ नसते. लूमचा आवाज त्यात येणारच. रेकॉर्डिंग शुक्रवारी कर, कारखान्याला सुट्टी असते तेव्हा. लाईट गेल्यावरही लूम बंद पडतात, पण तेव्हा तुझा लॅपटॉप किती दम धरेल ते तूच बघ.

मावशीचा फोन झाला. आता म्हणते आवाज बसला कारण बर्फाचा गोळा खाल्ला. मी विचारलं, या वयात? म्हणाली, "मना काय झालंय?" मी म्हटलं, तेच विचारतोय. त्यावर तिने गावातल्या पाण्याच्या लाईनचा विषय काढला.

भाविक


राहनाळ,
९ नोव्हेंबर

भाविकदादा,

दुकानदाराने बदलून दिला. कुरकुर केली, पण दिला. बंद पाठीचा घालून रात्रीची गाणी ऐकते, लूम पार लांब कशेळीच्या पलीकडे गेल्यासारखे वाटतात. कोंडल्यासारखं वाटतं हे खरं. सवय होतेय.

पण काम बिघडलंय आणि दोष हेडफोनचा नाही.

शुक्रवारी आईला पाटावर बसवलं. अंबाडा सोडायला लावला, डोक्यावर हेडफोन चढवला. आधी चाचणी म्हणून तिला जात्यावरची ओवी म्हणायला सांगितली. तिने तोंड उघडलं आणि अशी ओरडली की शेजारच्या खोलीतून भाडेकरू धावत आला. दोन्ही कान बंद, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती भांडल्यासारखी गात होती. काढला की छान गाते, घातला की भांडते. हसून हसून आम्ही दोघी बेजार झालो, आणि मला वाटलं, चला, मूड लागला. म्हटलं, आई, आता हेडफोन राहू दे, धवला म्हण.

ती उठलीच. म्हणाली, "घरात नवरी न्हाय, दारात मांडव न्हाय. कोनाच्या नावाने गाऊ?"

मी समजावलं की हे नुसतं रेकॉर्डिंग आहे. ती म्हणाली, तिला शिकवणाऱ्या हौसाआजीचा नियम होता, हळदीशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. लग्नाचं बोलावणं रिकाम्या घरात करायचं नाही. मी म्हटलं, ऑपरेशननंतर आवाज राहिला नाही तर? तर माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मंग तू कर लगीन. गला हाय तवर गाते."

दादा, मी चिडले. मला इतक्यात लग्न करायचं नाही हे तिला माहीत आहे आणि तिने ते मान्यही केलंय. नको नको ते बोलले. तीही बोलली. रात्री तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. ती मला धमकी देत होती की माझ्या लग्नात गायची तिची इच्छा तोंडातून निसटली, मला कळत नाही. कळलं तरी काय करणार आहे.

तारीख जवळ येतेय. तिचा आवाज मला हवाय रे. नुसता हवाय.

दिपाली


नेपल्स,
१५ नोव्हेंबर

दिपू,

आधी सोपं सांगतो. गाणारी माणसं हेडफोन घालतात तेव्हा एक कान मोकळा ठेवतात. एका कानात वाद्य, दुसऱ्या कानात स्वतःचा गळा. उघड्या राहिलेल्या बाजूचा आवाज बंद करायचा, नाहीतर तिथून गळतो. मी हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. जहाजावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

आता अवघड. मावशीवर जबरदस्ती करू नकोस. मी इतकी लग्नं तिच्यासोबत केली, ती गायची आणि मी मागे स्पीकरच्या वायरी सांभाळायचो. ती गाणं म्हणत नाही गं, ती काम करते. नवरीला हळद लागावी म्हणून देवाला बोलावते, पितरांना बोलावते, नातेवाइकांना एकेकाला नावाने उभं करते. रिकाम्या घरात तिने कोणाला बोलवायचं? तू म्हणतेस नुसतं रेकॉर्डिंग. तिच्यासाठी त्यात नुसतं असं काही नसतं.

मग हळद असेल तिथे तू जा. डीजेवाल्या घरी नको, छोट्या घरी. माईक मावशीच्या तोंडापासून वितीवर ठेव. हेडफोन तिला घालूच नकोस, तू घाल. बंद पाठीचा आहे, त्याचा खरा उपयोग तिथेच. भोवती गोंधळ असला तरी माईकमध्ये नेमकं काय चाललंय ते तुला एकटीला ऐकू येईल. गिटार नंतर घरी बसून वाजव, तिचा आवाज कानात घेऊन.

आणखी एक. मी सुट्टी मागितली होती. मिळाली नाही. कंत्राट मार्चला संपतं, त्याआधी सोडलं तर परत घेणार नाहीत. माझी आई गेली तेव्हा मावशीने मला आपल्या पोरींबरोबर एका ताटात जेवू घातलं, आणि आता तिचा गळा कापतायत तर मी इथे लोकांच्या नाचाला माईक लावतोय. मला हे फार लागतंय. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

ऑपरेशनची तारीख कळव.

भाविक


राहनाळ,
२९ नोव्हेंबर

भाविकदादा,

झालं. मिळाला.

माझ्याबरोबर गोदामात पॅकिंगला रीमा आहे. आपल्याच चाळीत राहतात ती लोकं, गोरखपूरकडची. वडील आणि भाऊ लूमवर. तिचं लग्न ठरलं होतं, नवरा पण इथलाच, प्रेसमध्ये आहे. गावाहून कोणी येणार नव्हतं, तिची आई नाही, आणि घरात बाई म्हणून ती एकटीच. जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली, हल्दी तो होगी दीदी, पर गाएगा कौन?

मी आईला भीत भीत विचारलं. त्यांची भाषा वेगळी, रीत वेगळी, आणि आपला धवला त्यांच्यात चालेल का. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, पोरीची आय न्हाय? मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मंग इचारतेस कशाला? चल."

काल शुक्रवार, कारखाना बंद. चाळीच्या पुढच्या मोकळ्या जागेत चार बांबू उभारले, वर कारखान्याच्या मालकाने दिलेलं कापड. आईने आधी रीमाला शेजारी बसवून सगळ्यांची नावं विचारून घेतली, बापाचं, भावाचं, गावाचं, कुलदैवताचं, आणि ओठातल्या ओठात घोकली. धवल्यात नातेवाइकांना नावाने बोलवायचं म्हणजे आधी नावं पाठ हवीत ना. मी पाण्याच्या पिंपामागे लॅपटॉप घेऊन बसले, हेडफोन चढवला, आणि दादा, तू म्हणालास तसंच झालं. बाहेर पोरं नाचत होती, कोणाचा कुकर शिट्ट्या देत होता, आणि माझ्या कानांत फक्त आई होती. मी तिला इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं. माझा सगळा जीव आवाजाच्या काट्यावर होता, लाल होतोय का, फाटतोय का. शब्द कुठले गेले ते मला विचारशील तर सांगता येणार नाही.

रीमाला एक शब्द कळला नसेल. पण आईने वर सूर नेला तेव्हा ती जी रडायला लागली ती थांबेना. तिचा भाऊ रघू दाराशी टॉवेल घेऊन उभा होता, तोही पुसत होता. नंतर कोणीतरी विचारलं की डीजे कधी, तेव्हा आई म्हणाली, "आता वाजवा. आमचं झालं."

ऑपरेशनचं अजून नक्की नाही. कळवते.

दिपाली


पालेर्मो,
६ डिसेंबर

दिपू,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. रेकॉर्डिंग पाठव, अगदी कच्चं असेल तसं. मावशीचा फोन लागत नाहीये. तुझाही. चार्जिंग संपलं असेल.

भाविक


जेनोवा,
१३ डिसेंबर

दिपू,

अजून उत्तर नाही. मी मनालीला फोन केला तर ती म्हणाली सगळं ठीक आहे, आणि इतक्या घाईने म्हणाली की मला काही ठीक वाटलं नाही. ऑपरेशन झालंय का? मला झालं तेच सांग. सजवून नको सांगूस.

भाविक


राहनाळ,
२१ डिसेंबर

भाविकदादा,

ऑपरेशन झालं. रीमाच्या हळदीनंतर लगेचच होतं, तारीख तेव्हाही मला माहीत होती. आईने सांगितलं होतं की त्या दिवशी तो समुद्रात असणार, त्याला टांगून ठेवू नको. तुझ्यापासून लपवताना मला खूप वाईट वाटलं. रागाव हवं तर.

आई घरी आहे, बरी आहे. गाठ निघाली, तपासणीत काही वाईट नाही. आवाज मात्र उतरलाय. बोलते, पण जाड, घोगरा, आणि वर जातच नाही. डॉक्टर म्हणतात काही महिने वाट बघायची, कदाचित येईल, कदाचित एवढाच राहील. पहिले दिवस तर बोलायचंच नव्हतं. मला हाक मारायची तर ताटली वाजवायची. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लूम चालू असूनही शांतता.

त्या दिवसांत मी गिटार वाजवली. आई आतल्या खोलीत मुकी झोपलेली, आणि माझ्या बंद कानांत ती मोकळ्या गळ्याने गातेय. तिच्यामागे जाताना कळलं की ती कधीच तालाला बांधलेली नसते, एखादं नाव लांबलं की ती थांबते, तो माणूस येऊन उभा राहीपर्यंत. म्हणून मी ठोके मोजणं सोडलं आणि ती थांबली की मीही थांबू लागले.

परवा तिला ऐकवलं. एक कान मोकळा ठेवून, तुझ्या सल्ल्याप्रमाणे. मला वाटलं रडेल. ती चेहरा आखडून, परीक्षक असल्यासारखी ऐकत होती. गिटारवर म्हणाली, बरी हाय, मध्ये मध्ये नाचते. आणि मग एका जागी एकदम हात वर केला. परत लाव म्हणाली. मी लावलं. परत लाव. इतके दिवस मी नुसत्या सुरामागे होते, तेव्हा मला पहिल्यांदा शब्द नीट ऐकू आले. नवरीच्या भावाला मांडवात बोलावण्याची जागा आहे ना, तिथे रीमाचा भाऊ रघू, हे तिने चांगलं घोकलेलं होतं. आणि आई गायलीय:

मांडवाच्या दारी ये रं बंधवा,
नाव तुजा भाविक, ये रं बंधवा...

आईने हेडफोन काढला. म्हणाली, चुकलं. मी म्हटलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, रघूच्याही नाही. ती म्हणाली, तसं चालत नाही, पोरीच्या लग्नात दुसऱ्याचाच भाऊ उभा केला मी. आणि दादा, बरोबर कसं हवं ते मला दाखवायला म्हणून ती गायली. त्या घोगऱ्या आवाजात. रघूचं नाव घेऊन पूर्ण ओळ. वर जायच्या जागी आवाज गेला नाही, तर तिने तो खालूनच वळवून नेला. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा गायली, आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं. माईक चालू होता.

आता तिचा हुकूम आहे की ती चुकलेली ओळ काप आणि नवी लाव. रीमाला चुकीचा धवला द्यायचा नाही. मी कापायला बसले आणि हात चालेना. म्हणून दोन्ही पाठवतेय, जुनी ओळ आणि नवी. तू सांग काय करू.

हो, आणि तुला माहीत आहे हे आईला केव्हाच माहीत होतं. म्हणाली, "तो फोनवर हवापान्याच्या गप्पा मारतो तवाच कललं मना."

दिपाली


बार्सिलोना,
२७ डिसेंबर

दिपू,

रागावलो होतो. मग फाईल उघडली.

रीमाला दे ती मावशी म्हणते तशीच दे. जुनी ओळ काप, नवी लाव. आवाज जुळणार नाही, मध्येच एक ओळ जाड येईल, येऊ दे. रघूला स्वतःच्या नावाने बोलावलंय, ती त्याची हक्काची ओळ आहे. तुझी गिटार तिथे खाली उतरव, म्हणजे नवा आवाज एकटा पडणार नाही. एवढं तुला जमेल, गिटार खरंच चांगली वाजवलीयस.

माझ्या प्रतीतली ओळ मात्र कापू नकोस. मावशीने सांगितलं तरी नको.

तुला एक सांगतो, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मनालीच्या हळदीला भावाच्या जागी तुमच्या चुलत्याच्या सार्थकला उभं केलं. बरोबरच होतं, तुमच्या घराण्याचा मुलगा तो. मी मागे डीजेशेजारी वायर धरून उभा होतो. मावशीने सार्थकचं नाव गायलं आणि गाता गाता माझ्याकडे बघितलं. नंतर तिने मला विचारलं, तुला वाईट वाटलं का रे? मी म्हटलं, छे, मला कशाला वाईट वाटेल, माझं काम स्पीकरचं. वाटलं होतं, दिपू. खूप वाटलं होतं. तिला ते तेव्हाच समजलं असणार. माझ्या हवापाण्याच्या गप्पा तिला नेहमीच समजतात.

तू म्हणतेस ती चुकली. असेल. तोंडात बसलेलं नाव निघालं असेल, ऑपरेशनच्या धाकात माणूस आपल्याच पोरांची नावं घेतो. मला ती चूक म्हणून मिळाली तरी पुरे.

ऐकताना केबिनमध्ये माझा फिलिपिनो सोबती, एडविन, पलीकडच्या बंकवर होता. मी एक कान मोकळा ठेवला होता, तिथून आवाज गळला, आणि त्याला माझा चेहराही दिसला. विचारलं, काय गाते आहे ही बाई? मी म्हटलं, लग्न आहे, नवरीच्या भावाला बोलावतेय. त्याने विचारलं, मग आला का तो?

मी म्हटलं, आला. जरा उशिरा.

मार्चमध्ये उतरतो. मावशीला सांग, जाड आवाजात का होईना, मला फोनवर नावाने हाक मारायची. गाऊन नको, नुसती हाक.

तुझा,
भाविकदादा